मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली

आमच्या गल्लीत कुणाच्या घरी कुरिअरवाला खोका घेऊन आला, की तो फाटकातून बाहेर पडायच्या आत शिट्टी वाजते. पोलिसातली खरी शिट्टी. दुपारी झोपलेली माणसं तिनं दचकून उठतात. शिट्टीमागोमाग किसनराव जमादार येतात. अंगात बंडी, खाली पट्ट्यांचा पायजमा आणि पायात चकचकीत पॉलिश केलेले तपकिरी बूट. दारात थांबून ते एकच प्रश्न विचारतात.

"खेळणं हाय का विज्ञान हाय?"

खेळणं असलं तर परत फिरतात. विज्ञान असलं तर बूट काढून आत येतात आणि मग ते घर काही काळ त्या घरच्यांचं राहत नाही.

जमादार खरं तर हवालदार म्हणून रिटायर झाले. पण आमच्याकडं हवालदाराला जमादार म्हणायची जुनी सवय आहे. उभी नोकरी जिल्ह्यात काढली. मांजरसुंब्याच्या चौकात उन्हात उभं राहून ट्रक सोडले, यात्रा सांभाळल्या, पुढाऱ्यांच्या सभा सांभाळल्या. रिटायर झाल्यावर अंबाजोगाईत आमच्या समोर घर बांधून राहिले. पहिली काही वर्षं त्यांनी कट्ट्यावर बसून गल्लीतल्या म्हशींची वाहतूक सुरळीत केली. त्यात त्यांचा जीव रमत नव्हता. म्हशी ऐकत नसत.

त्यांना हे विज्ञानाचं काम मीच लावलं.

माझा भाऊ पुण्याला असतो. त्यानं भाचीच्या, म्हणजे आमच्या ईश्वरीच्या वाढदिवसाला एक खोका पाठवला. आत तांब्याची तार, लोहचुंबक, बॅटरी, सेफ्टी पिना, छोटे स्क्रू, एक पाना आणि कृतीचा कागद. हे सगळं जोडून पोरांनी घरच्या घरी विजेची मोटर करायची. खोक्यावर ठळक अक्षरात छापलं होतं: 'ही कृती मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करावी.' ईश्वरी नियमाची पक्की. मोठं माणूस मिळाल्याशिवाय ती खोक्याला हात लावेना. आम्ही नवराबायको दोघंही दवाखान्यासमोरच्या आमच्या मेडिकलवर असतो. निघायच्या घाईत मी समोर कट्ट्यावर बसलेल्या जमादारांना म्हणाले, "काका, पोरांकडं जरा लक्ष ठेवता का?"

जमादार उभे राहिले. "हुकूम तोंडी का लेखी?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मी म्हणाले, "तोंडी."

"चालतंय," ते म्हणाले आणि बूट घालायला आत गेले.

संध्याकाळी घरी आले तर दारात चपला ओळीनं लावलेल्या. बैठकीत फरशीवर खडूनं मोठं रिंगण काढलेलं. रिंगणात टेबल, टेबलावर मोटर. टेबलाशी ईश्वरी आणि शेजारचा सोहम, आणि रिंगणाबाहेर गल्लीतली बाकीची पोरं उंचीप्रमाणं उभी. माझ्या सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात अडकून पडलेल्या.

"अहो जमादार, मला देवापाशी दिवा लावायचाय. हे माझं घर हाय."

"घर तुमचंच हाय, आज्जी. फक्त रस्ता बंद हाय. मागच्या दारानं वळसा घालून या."

आणि सासूबाई खरोखर वळसा घालून आल्या. आयुष्यात त्यांनी माझं एक ऐकलेलं नाही.

मोटर काही फिरत नव्हती. जमादारांना विजेतलं काही कळत नाही, हे ते स्वतःच छाती पुढं काढून सांगतात. त्यांचं काम देखरेखीचं. पण मोटर फिरेना म्हटल्यावर त्यांनी खुर्ची ओढली, तारेच्या वेटोळ्यासमोर बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ. सरळ सांगितलंस तर तुझाच फायदा हाय. कावून फिरनास?"

वेटोळं गप्प.

"सोबत कोण कोण होतं? बॅटरी होती का?"

पोरं हसून लोळायला लागली. ईश्वरीनं तेवढ्यात कागद पुन्हा वाचला. तारेवर पातळ लेप असतो, टोकाचा तो खरवडल्याशिवाय वीज आत जात नाही. सोहमनं कानशीनं टोकं घासली, वेटोळं पिनांवर ठेवलं, बोटानं हलकेच टिचकी मारली आणि ते गरगर फिरायला लागलं. पोरांनी घर डोक्यावर घेतलं. जमादार बोट वर करून म्हणाले, "बघितलं? कबूल झालं! हात लावावा लागला न्हाई."

त्या दिवसापासून गल्लीतल्या पोरांना मामा, काका, आत्या जे कुणी असतील त्यांच्याकडून तसलेच खोके हवे झाले. जिथं खोका तिथं जमादार. पोरं त्यांना पुढं 'मोठं माणूस'च म्हणायला लागली. "ए, मोठं माणूस बोलवा रे," असा पुकारा झाला की समोरून बुटांचा आवाज.

एकदा सोहमच्या घरी एक बारका स्क्रू हरवला. जमादारांनी घराची नाकाबंदी केली. कुणी बाहेर जायचं नाही, कुणी आत यायचं नाही. दूध घालायला आलेला माणूस पंच म्हणून बसवला. सोहमच्या वडलांचे खिसे उलटे केले, ते बिचारे नुकते आंघोळ करून निघाले होते. कुत्र्याला तोंड उघडायला लावलं. दिवाणाखालून एक जुना पेन, एक कानातलं आणि सोहमनं दडवलेली प्रगतिपुस्तकाची प्रत एवढा मुद्देमाल निघाला. स्क्रू मात्र नाही. शेवटी ईश्वरीनं खोक्यातलं लोहचुंबक उलटं केलं तर स्क्रू त्याला चिकटून बसलेला. जमादारांनी लोहचुंबक हातात घेऊन खूप वेळ पाहिलं. "शेवटी घरातलाच माणूस निघाला," ते म्हणाले आणि दूधवाल्याला मोकळं केलं.

मग जेसीबीचा खोका आला. पुठ्ठ्याचा सांगाडा आणि पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या सिरिंजा. या टोकाची दाबली की नळीतून पाणी सरकून त्या टोकाची पुढं येते आणि जेसीबीचा दांडा वर उचलला जातो. खोक्यातली एक सिरिंज फुटकी निघाली तर आमच्या मेडिकलमधून नवी गेली. पोरांनी काड्यापेट्यांची दुकानं रचली आणि जेसीबी घेऊन पाडायला निघाली. जमादार आडवे आले.

"थांब. नोटीस दिली का?"

"काका, काड्यापेट्या आहेत त्या!"

"काड्यापेट्यांचं का पोट न्हाई? नोटीस द्या, मुदत द्या, मग पाडा."

पोरांनी दुकानदारांना ओरडून नोटीस दिली. मुदत म्हणून चहाबिस्किटं झाली. मग दुकानं पाडली. पाणी सांडलं, नळी निसटली, लाल रंगाचं पाणी भिंतीवर उडालं, सोहमची आई धावत बाहेर आली. जमादारांनी दोन्ही हात पसरले. "परिस्थिती नियंत्रणात हाय!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काहीही फुटलं, सांडलं, जळलं की ते हे म्हणतात, आणि ते म्हणाले की आम्ही बाया फडकं घेऊन धावतो.

तर असं सगळं सुखानं चाललं होतं. मग आलं रॉकेट.

खोक्यात फार काही नव्हतं. पुठ्ठ्याचे पंख, एक स्टँड आणि मधून व्हॉल्व्ह ओवलेलं रबरी बूच. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली आपली आपण घ्यायची, तिला पंख चिकटवायचे, थोडं पाणी भरून बूच ठोकायचं आणि उलटी उभी करायची. मग सायकलच्या पंपानं हवा भरत राहायचं. आतला दाब वाढला की बूच सुटतं, पाणी जोरात खाली जातं आणि बाटली वर. पहिली चाचणी जमादारांच्या देखरेखीखाली गल्लीतच झाली. गल्लीला उतार आहे. स्टँड कलला, बाटली वर जायच्या ऐवजी आडवी गेली आणि कोपऱ्यावरच्या वकीलसाहेबांच्या नव्याकोऱ्या गाडीच्या बॉनेटवर जाऊन आदळली. गाडीला घातलेला हार अजून वाळला नव्हता.

वकीलसाहेब बाहेर आले. बारीकसा ओरखडा होता, पण नव्या गाडीचा बारीक ओरखडा फार मोठा असतो. त्यांनी आवाज चढवला नाही. "आजपासून या गल्लीत हे प्रकार बंद," एवढंच म्हणाले. "नाहीतर मी रीतसर तक्रार देईन."

पोरांची तोंडं उतरली. ईश्वरीनं बाटली कपाटात ठेवून दिली. दोन दिवस तिच्याशी बोलायचीही सोय नव्हती. आणि समोरच्या कट्ट्यावर जमादार बसेनात.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला टोपी. "ताई, वकीलसाहेबांकडं चाललोय. पोरगी तुमची हाय, तुमी बी चला."

वकीलसाहेबांच्या ऑफिसात आम्ही बसलो. जमादार बसले नाहीत.

"वकीलसाहेब, तुमी मला कोर्टात लई येळा उभं केलंत."

"बरं?"

"दर येळी मी म्हणलो, मला आठवत न्हाई."

वकीलसाहेबांच्या मिशा हलल्या. "सगळं आठवत होतं तुम्हाला."

"सगळं आठवत होतं. आज सांगतो. चूक लेकरांची न्हाई. उताराची जागा मी नेमली. तितं मोठं माणूस मी होतो. काय धरायचं ते मला धरा. पण मागच्या मोकळ्या मैदानात, दोरी बांधून, त्यांचं रॉकेट उडू द्या. कुणाच्या एका काचेला धक्का लागला, तर मी पुन्हा कुठल्या लेकराच्या खोक्याला देखरेख करणार न्हाई. शिट्टी तुमच्या टेबलावर आणून ठेवीन."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "रविवारी संध्याकाळी मी स्वतः येणार," ते म्हणाले.

बाहेर पडलो. जमादार ताठ चालत होते. घराजवळ आल्यावर हळूच म्हणाले, "ताई, त्या बाटलीचा भरवसा हाय ना?"

मला तर बुचाचाही भरवसा नव्हता.

रविवारी मैदानात जत्रा लोटली. वकील आणि जमादार यांच्यात लागलीय म्हटल्यावर पलीकडच्या दोन कॉलन्या आल्या. भेळवाला आला. माझ्या सासूबाई पाट घेऊन आल्या. वकीलसाहेबांनी गाडी लांब रस्त्यावर लावली आणि सगळ्यांच्या पुढं येऊन उभे राहिले. जमादारांनी सकाळपासून खुंट्या ठोकून काथ्याची दोरी बांधली होती. दोरीला पोरांच्या जुन्या वह्यांच्या कागदाच्या झेंड्या. त्यांच्या पत्नी, गयाबाई काकू, सुतळी धरून त्यांच्यामागं फिरत होत्या. काकू कमी बोलतात. जमादारांच्या घरात बोलायचं काम एकाकडंच आहे असा माझा समज होता.

"मागं व्हा! दोरीला हात लावू नका! ओ पाहुणे, लेकरू खांद्यावरून उतरवा!" जमादार दोरीच्या आत इकडून तिकडं फिरत होते. मैदानाच्या मध्यावर ईश्वरीनं स्टँड सपाट दगडावर बसवला, चारदा पुन्हा बसवला. सोहमनं पंपाला पाय लावला. फुस्, फुस्, फुस्. बाटलीत बुडबुडे उठायला लागले. सोहमचा चेहरा लालबुंद.

आणि फट्!

पांढऱ्या पाण्याचा फवारा खाली आणि बाटली वर. लिंबाच्या झाडाच्या वर, पाण्याच्या टाकीच्या वर, कबुतरांच्या थव्यात. क्षणभर तिथं थांबल्यासारखी वाटली, मग डुलत डुलत पलीकडच्या सोयाबीनच्या रानात पडली. सगळं मैदान ओरडलं. सासूबाई पाटावरून उठून उभ्या राहिल्या. मी कुणाच्या तरी हातातली भेळ सांडली. एकाही काचेला धक्का नाही.

"परिस्थिती नियंत्रणात हाय!" जमादारांचा आवाज गर्दीच्या वर गेला. "पांगा आता, पांगा!"

ईश्वरी पळत त्यांच्याकडं आली. "काका, पाहिलं? कसं गेलं?"

"लई भारी! टाकीच्या वर गेलं."

ईश्वरी थांबली. "पण तुम्ही तर आमच्याकडं पाठ करून उभे होतात. तुम्हाला कसं कळलं?"

"त्यात काय? समद्यांच्या हनुवट्या बघितल्या." जमादार उत्साहानं सांगायला लागले. "झाडापातूर माणूस नुसते डोळे वर करतंय. टाकीपातूर हनुवटी उचलावी लागती. आज तर आज्जींच्या डोक्यावरचा पदर मागं पडला, म्हणलं गेलं रॉकेट आभाळाला. तुझ्या आईनं आ केला. अन वकीलसाहेबानं टाळी वाजवली बरं का, मग इकडंतिकडं बघून हात खिशात घातले."

वकीलसाहेब जवळच उभे होते. ते हसले आणि या वेळी उघड टाळी वाजवली.

मी विचारलं, "पण काका, एक क्षण मागं वळून पाहायचं की!"

"पाठ फिरवली की गर्दी आत घुसती, ताई. बंदोबस्त हाय त्यो."

दोरी गुंडाळत असलेल्या काकू म्हणाल्या, "ह्यांचं जलमभर असंच हाय, पोरी." आणि त्या बोलायला लागल्या. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"बीडला सर्कस आलती. रोजची ह्यांची ड्युटी तंबूत. वाघ आला, हत्ती आला, झोपाळ्यावरच्या पोरी आल्या. ह्यांनी काय बघितलं? माणसं. नारायणगडाची यात्रा बघा, मोठमोठ्या सभा बघा, कव्हाबी ह्यांची पाठ तिकडं अन तोंड लोकांकडं. घरी आले की ताटावर बसून मला म्हणायचे, सांग आता, काय काय झालं? मला काय ठावं? मी घरी. मग मीच जायला लागले लेकरं घेऊन. एका कडंला उभी राहायची. समदं ध्यानात ठेवायची. वाघ कुठून आला, कसा बसला, झोपाळ्यावरची पोरगी कशी निसटता निसटता वाचली. घरी येऊन ह्यांना सांगायची. दोन दोन भाकरी जास्त खायचे ऐकत ऐकत." काकूंनी दोरीला गाठ मारली. "मला खेळतमाशांची लई हौस हाय असं समद्या पोलीस लाइनीतल्या बायांना वाटायचं."

जमादार बुटाच्या टोकानं खुंटी हलवत होते. "वाघ चांगला सांगितलाता हिनं," एवढंच म्हणाले.

ईश्वरीनं सोहमकडं पाहिलं. सोहम सोयाबीनच्या रानाकडं पळत सुटला, बाटली शोधायला. ईश्वरी घराकडं पळाली आणि आमच्या बैठकीतल्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन आली. मैदानात, दोरीच्या आत, रॉकेटच्या स्टँडकडं तोंड करून तिनं त्या मांडल्या.

"काका, बसा."

"कावून?"

"बसा म्हणते ना. काकू, तुम्ही पण." तिनं जमादारांच्या गळ्यातली शिट्टी काढून स्वतःच्या गळ्यात घातली. काकूंनी गुंडाळलेली दोरी पोरांनी पुन्हा सोडली, ताणून धरली आणि सगळी पोरं हात पसरून आमच्याकडं तोंड करून उभी राहिली. घरी निघालेले लोक पुन्हा वळले.

"मागं व्हा! मागं व्हा!" एक बोबडं पोरगं वकीलसाहेबांना म्हणालं. वकीलसाहेब दोन पावलं मागं झाले.

जमादार खुर्चीच्या टोकावर बसले. बसले म्हणजे टेकले. मान सारखी मागं, गर्दीकडं. "ओ, तो झेंडी वढायलाय बघा..." काकूंनी त्यांची हनुवटी धरली आणि चेहरा समोर वळवला. "पुढं बघा."

पहिल्या खेपेला बूच नीट बसलं नव्हतं. हवा भरता भरता बाटली वाकडी झाली आणि सगळं पाणी जमादारांच्या इस्त्रीच्या शर्टावर. ते ताडकन उठले, दोन्ही हात पसरले, तोंड उघडलं.

"काका, खाली बसा!" पोरं एका आवाजात ओरडली.

ते बसले. ईश्वरीनं पुन्हा पाणी भरलं, बूच दगडानं ठोकलं. सोहमनं पंप मारला. फुस्, फुस्, फुस्.

फट्!

या वेळी मी रॉकेट पाहिलं नाही. खुर्चीतला म्हातारा पाहिला. आधी डोळे वर गेले, मग हनुवटी, मग टोपी मागं पडली. तोंड उघडं. हात गुडघ्यांवर होते ते सुटून हवेत आले आणि तसेच राहिले. बाटली पडून गेली, पोरं ओरडून दमली, तरी ते आभाळातच बघत होते.

मग ते एकदम काकूंकडं वळले. "गया, बघितलंस का? आधी खालून पाणी सुटलं. असं पांढरं फक. मग ते वर निघालं, सरळ, जरा बी हाललं न्हाई. टाकीपाशी गेलं अन तितं कबुतरं होती बघ, ती फाकली. फाकली, अन हे त्यांच्या मधून गेलं. वर गेल्यावर थोडं थांबलं. मला वाटलं आता राहतंय तितंच..."

काकू त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होत्या. त्यांनी सगळं बघितलं होतं. त्यांनी पदरानं जमादारांच्या शर्टावरचं पाणी पुसलं आणि म्हणाल्या, "अस्सं? मग पुढं?"